अठरावर मागितलेला पत्ता

मी, ऑर्फा टिलटसन, वय अडुसष्ट, राहणार रीनो, राज्य नेवाडा, चाळीस वर्षे कॅसिनोत पत्ते वाटून पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नसते तर बरे झाले असते.

१. राहते घर मुलगी लोरेटा हिला. ते माझ्या वडिलांनी बांधले. १९३१ साली या राज्याने जुगार कायदेशीर केला, त्यांचा मागच्या खोलीतला चोरटा अड्डा रस्त्यावरच्या दालनात आला आणि आम्ही एका दिवसात अब्रूदार झालो. लोरेटाने घर विकावे, नाहीतर पाडावे. एकोणीस वर्षांत ती माझ्याशी बोललेली नाही. तिचे बरोबर आहे.

२. बँकेतली शिल्लक मार्सेलीन एचेव्हेरी हिला, जिच्या स्पेनकडच्या बास्क पद्धतीच्या खानावळीत मी रोज जेवते. सगळे हरून बसच्या थांब्यावर बसलेल्यांना तिने घरचे तिकीट काढून द्यावे. रोख देऊ नये. रोख घेऊन ते कुठे जातात हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

३. टेबलावरचे काही खिशात जाऊ नये म्हणून कॅसिनोने दिलेला माझा बिनखिशाचा एप्रन जाळावा.

४. कॅसिनोच्या मालकांना काही नाही. माझा मुलगा वेंडेल गेला तेव्हा त्यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराचे पुष्पचक्र पाठवले, शुभशकुनाचे. आता शेजारच्या राज्यांतल्या नव्या कॅसिनोंनी गिऱ्हाइके पळवली म्हणून रडतात. रडोत.

५. वेंडेलविषयी. नातेवाईक टेबलावर बसला तर डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याने, वरिष्ठांना सांगून बाजूला व्हायचे, हा नियम. मी कधीच सांगितले नाही. सांगितले असते तर त्याला आमच्याकडे बंदी झाली असती आणि तो दुसरीकडे खेळला असता. निदान डोळ्यांसमोर राहील, असे वाटले.

१९७८ च्या ऑगस्टात, भर दुपारी, ट्रक विकून तो माझ्या टेबलावर बसला. एकवीसच्या पुढे गेला तो हरला, असा खेळ. त्याच्याकडे अठरा होते. तो हळूच म्हणाला, "आई, तूच सांग. घेऊ का?"

वर कॅमेरा होता. मी म्हणाले, "निर्णय तुमचा, साहेब."

त्याने पत्त्यांनी कापड खरवडले, म्हणजे आणखी एक हवा. अठरावर पत्ता मागणारा माणूस जिंकायला आलेला नसतो, हे मला कळत होते. तरी मी दिला. नव्वा आला.

तेवढ्यात माझी पाळी संपली. टेबल सोडताना आम्ही टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवतो, काही चोरले नाही म्हणून. मी दाखवले. वेंडेल माझ्या तळव्यांकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी तो पिरॅमिड सरोवरात सापडला. लोरेटा एवढेच म्हणाली, "पत्ता तू दिलास." पाचव्या दिवशी मी पुन्हा त्याच टेबलावर उभी होते.

६. मला वेंडेलशेजारी पुरू नये. ती जागा लोरेटाची. शवपेटीत माझे तळवे खाली ठेवावेत. ते कुणालाही दाखवू नयेत.

साक्षीदार:
हॉलिस ब्रँडवाइन, निवृत्त डीलर (त्या दुपारी माझ्या जागी उभा राहिलेला)
बर्निस ओयार्झून, शेजारीण

सही: ऑर्फा टिलटसन
रीनो, १४ ऑक्टोबर १९९७