सुमनचे काळे बूट

मंगळवार, १० जून १९७५

ते काळे बूट काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पहिलीचा पट भरला नाही तर तुकडी बंद होणार, म्हणून हेडमास्तरांनी आम्हा शिक्षिकांना आठवडाभर दारोदार मुलं गोळा करायला पाठवलं. वर म्हणाले, "बिनधास्त सांगा, माझी सुमनसुद्धा आपल्याच मराठी शाळेत येणार हाय." सांगितलं की मी! घसा बसेपर्यंत सांगितलं.

शेजारच्या रशीदाभाभी शिवणकाम करतात. लेकीसाठी, हमीदासाठी त्यांनी इंग्रजी शाळेचा गणवेश शिवून ठेवला होता. माझं ऐकून म्हणाल्या, "हेडमास्तरांची पोरगी येणार म्हंजे शाळा चांगलीच असणार की." आणि माझ्यासमोरच त्या गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला उसवून टाकला.

आज संध्याकाळी चप्पल घ्यायला शाहूपुरीत गेले, तर दुकानात हेडमास्तर सुमनच्या पायात चकचकीत काळे बूट चढवत होते. पोरीच्या गळ्यात टाय.

"गुरुजी, हे काय?"

"इंग्रजी शाळेत नाव घातलंय. पोरीचं भलं बघाय नको व्हय?" आणि वर मलाच विचारतात, "पट भरला न्हवं?"

मग हमीदाचं भलं कुणी बघायचं? हे तिथंच का नाही विचारलं मी? सुमन बूट वाजवत दुकानभर फिरत होती आणि मी नुसती तिच्या पायांकडे बघत राहिले.

परत आले तर भाभी दारातच उभ्या. "बाई, उद्या हमीदाला सुमनच्या शेजारी बसवा की."

मी "बसवते" म्हणाले.