शेळीच्या दुधाची नोंद

३ मार्च, सोमवार. सातारा
पुन्हा तोच फोन! कवठे महांकाळकडच्या डेअरीचे सेक्रेटरी नानासो. "मॅडम, मशीन बरोबर हाय. म्हातारीच खोटं बोलतीया." म्हातारी म्हणजे धोंडुबाई. शेळीचं दूध घालते. दुधाच्या नोंदीच्या मशीनमधून रोज तिचीच नोंद गायब — दुसऱ्या कुणाची नाही! नोंद नाही, म्हणून पैसेही नाहीत. तिचं दूधच बंद करायचं घाटतंय. आणि आमच्या कंपनीचे दिग्विजय सर म्हणतात, "मशीनमधला प्रोग्रॅम आपला आहे, तो कशाला खोटं बोलेल?" व्वा! बसवा देव्हाऱ्यात.

४ मार्च
दिवसभर प्रोग्रॅम चाळला. काही नाही. नुसती चिडचिड.

५ मार्च. डेअरीवर
स्वतःच आले बघायला. म्हशीच्या दुधात शेळीचं मिसळायला नको, म्हणून धोंडुबाईचं माप सगळ्यांच्या शेवटी, भांडं विसळून. पडद्यावर 'नोंद झाली' आलं, आणि मापाकडे न बघताच नानासोंनी लगेच मेन स्विच खाली ओढला! शेवटचं माप झालं की वीज बंद, रोजचीच पद्धत म्हणे.

कपाळावर हात मारला. आमचा प्रोग्रॅम नोंद मशीन चालवणाऱ्या लिनक्सकडे सोपवतो आणि वाट न बघता 'झाली' म्हणून मोकळा! लिनक्स ती आधी तात्पुरती मेमरीत धरतं, मग सवडीनं मशीनमधल्या मेमरी कार्डावर कायमची लिहितं. त्याआधी वीज तोडली की नोंद गेली.

धोंडुबाई म्हणाली, "पोरी, आधी शेवटाला उभं करत्यात, आन वर खोटारडीबी म्हणत्यात." मला इतका राग आला की चहासुद्धा घेतला नाही नानासोंचा.

६ मार्च
दुरुस्त केलं. आता कार्डावर उतरल्याशिवाय 'झाली' म्हणायचं नाही. इथूनच, साताऱ्यातून, डेअरीच्या मशीनवर चढवलं.

७ मार्च
नानासो सकाळीच, "आवं मॅडम, म्हातारीची नोंद हाय की!" म्हटलं, मग चारचौघांत तसं सांगा तिला. "सांगतो की." सांगतायत कसले!

८ मार्च
आता ओरड वेगळीच. दर नोंदीला वेळ लागतो, रांग खोळंबते, लोक शिव्या घालतात. अहो, सगळ्यांत स्वस्त, हळू लिहिणारं कार्ड तुम्हीच मागितलंत ना? चांगलं कार्ड पाठवू म्हटलं, तर सर म्हणाले, "बघू."

१० मार्च
सरांनी जुना प्रोग्रॅम परत चढवला. मला न विचारता! नानासोंना फोन केला — निदान स्विच तरी जरा थांबून ओढा. तर म्हणतात, "तेवढं कुठं ध्यानात ऱ्हातंय? एका शेळीपायी सगळ्या गावाचा खोळंबा नको."

आज धोंडुबाईची नोंद नाही. कारण कळेपर्यंत ती चूक होती. आता चोरी आहे.