संगणकाचे आच्छादन काढण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा नवकौशल्य अधिकारी,
नवकौशल्य प्रशिक्षण कार्यालय, लातूर

विषय : गेम डेव्हलपमेंट अभ्यासक्रमात प्रथम आलेल्या अर्जदारास संगणक वापरू देण्याबाबत.

संदर्भ : उदगीर बसस्थानकासमोर लावलेला, अर्जदाराच्या छायाचित्राचा अभिनंदन फलक.

महोदय,

१. अर्जदार भौतिकशास्त्रात पदव्युत्तर असून अहमदपूर येथील एका खासगी क्लासमध्ये शिकवीत होती. तेथे गुरुत्वाकर्षण समजण्यापूर्वीच त्यावरील अपेक्षित प्रश्न पाठ होत. ते न पाहवल्याने तिने नोकरी सोडली व संगणकावरील खेळ तयार करण्यास शिकावे म्हणून आपल्या उदगीर केंद्रात प्रवेश घेतला.

२. या कामास प्रोग्रॅमिंग, चित्र, ध्वनी, कथा अशी अनेक कौशल्ये लागतात. वेळ थोडा, तेव्हा आधी कोणते शिकावे, असे तिने प्रशिक्षक श्री. रामलिंग सर यांना विचारले. सरांनी मागील प्रश्नपत्रिका चाळून तत्काळ मार्गदर्शन केले : "प्रोग्रॅमिंगवर दोनच प्रश्न येतेत म्याडम, ते ऑप्शनला टाका. चित्रावर जोर धरा, मार्क तिथं हायेत." प्राधान्य ठरवण्याची इतकी सोपी पद्धत अर्जदारास विज्ञान शाखेत कोणीच शिकवली नव्हती.

३. केंद्रातील संगणक उत्तम स्थितीत आहेत. धूळ बसू नये म्हणून त्यांवर निळी आच्छादने आहेत आणि विद्यार्थी बसू नयेत म्हणून खोलीस कुलूप आहे. माऊस फळ्यावर काढून शिकवण्यात आला. चित्र हुबेहूब होते.

४. लेखी परीक्षेत अर्जदार जिल्ह्यात प्रथम आली. फलकाच्या छायाचित्रासाठी एका संगणकाचे आच्छादन काढण्यात आले. अर्जदाराने कळफलकावर बोटे ठेवली. संगणक बंद होता. छायाचित्र होताच शिपाई मारोती मामांनी आच्छादन पूर्ववत घातले. थोडा वेळ बसू द्या म्हटल्यावर ते म्हणाले, "पयल्या आलाव की म्याडम! आता हात लावून काय करताव? बिघडला तर साह्यब मला धरतेत." युक्तिवाद बिनतोड असल्याने अर्जदार घरी गेली.

५. दरम्यान हैदराबादच्या एका कंपनीने अर्जदारास कळवले आहे की, प्रमाणपत्र नको. स्वतः केलेला, छोटा पण चालणारा एक खेळ महिनाअखेर पाठवा, नोकरीचे त्यावर ठरवू. ही मागणी आपल्या अभ्यासक्रमात बसत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरीही तिने या वेळी प्राधान्य स्वतःच ठरवले : फक्त प्रोग्रॅमिंग. तिच्या खेळात माणूस नाही, एक चौकोन आहे. कथा नाही, एक खड्डा आहे. चौकोनाने खड्ड्यावरून उडी मारावी व वजन असलेल्या वस्तूसारखे खाली यावे, एवढेच. वजनाचे गणित तिला येते. प्रोग्रॅम हाताने लिहून तयार आहे. परंतु कागदावर चौकोन उडत नाही. घरी संगणक नाही, आणि शेजारच्या सेवा केंद्रातील एकुलता एक संगणक दिवसभर सातबारा काढण्यात व्यग्र असतो.

६. सबब, महिनाअखेरपर्यंत रोज एक संगणक उघडून मिळावा. नियमात ते बसत नसल्यास, फलकावरील छायाचित्र अस्पष्ट आल्याचे कारण दाखवून ते पुन्हा काढण्याचा आदेश व्हावा. छायाचित्रकारास यायला कितीही उशीर झाला तरी अर्जदाराची हरकत नाही. ती संगणकासमोर बसून राहील. फक्त तो चालू असावा.

आपली नम्र व जिल्ह्यात प्रथम,
वर्षाराणी ईश्वरप्पा मठपती
उदगीर, दि. ९ जुलै २०२५

सोबत :
१) गुणपत्रिकेची प्रत
२) फलकाचे छायाचित्र
३) हस्तलिखित प्रोग्रॅम (चालतो की नाही, हे आपल्या उत्तरानंतर कळवण्यात येईल)