उन्हात वाळवलेली वाळू

प्रिय सर,

काल काकूंनी माळा रिकामा करायला बोलावलं होतं. तुमच्या ट्रंकेत, मफलरखाली, काळ्या कापडात शिवलेला दुसरा पाइप सापडला. "तेवढा भंगारात दे, दत्ता," काकू म्हणाल्या. मी तो घरी आणला. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. तुमच्या समोर बसून बोलायचं होतं, ते आज लिहितो आहे.

आठवतं का? नववी सोडून मी झेरॉक्सच्या दुकानात होतो. तुमच्या कागदातल्या दोन चुका मी पेन्सिलीने दाखवल्या. दुसरं कुणी रागावलं असतं! तुम्ही मला तुमच्या लेखांच्या पक्क्या प्रती लिहायला ठेवलंत.

नव्याण्णवच्या मे महिन्यात तुम्ही हिमाचलातून तापाने फणफणत परतलात. तिथल्या एका दरीतून बर्फ कधी मागे हटलं, हे तुम्हाला शोधायचं होतं. वितळत्या बर्फाच्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळूच्या थरात लोखंडी पाइप ठोकून तुम्ही दोन नमुने आणले होते. दवाखान्यात जाताना रिक्षातून एवढंच म्हणालात, "सांभाळ रे. ओल लागू देऊ नकोस."

ओल तर आतच होती, सर. एका पाइपच्या टोकातून पाणी झिरपत होतं. गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्या शेजारी धुतलेलं धोतर अंथरलं आणि वाळू पसरली. दिवसभर बसून हाताने परतली, कावळे हाकलले, एक कण सांडू दिला नाही. मग पुन्हा भरून काळं कापड होतं तसं शिवलं. किती समाधान वाटलं होतं तेव्हा!

तुम्ही बरे झालात, तोच पाइप प्रयोगशाळेत गेला, आणि एका दुपारी चहा पिता पिता तुम्ही मला सगळं समजावलंत. वाळूचा कण गाडला गेला की अंधारात भोवतालच्या मातीतली ऊर्जा साठवत राहतो. तो साठा मोजला की कळतं, त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं. पुन्हा ऊन लागलं की सगळं पुसलं जातं. म्हणून तर काळं कापड.

हे आधी का नाही सांगितलंत, सर? आणि तुम्ही सांगितलंत तेव्हा मी तोंड का नाही उघडलं?

दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटलं, असं तुम्ही म्हणत होतात. उत्तर आलं, वाळू अगदी अलीकडची आहे. तुम्ही कागद दोनदा वाचलात. मग हळूच विचारलंत, "पाइप कुणी उघडला नव्हता ना?"

"नाही, सर."

संध्याकाळी फोनवर तुम्ही कुणाला तरी सांगत होतात, "अहो, पोरगा अनुस्वारसुद्धा चुकू देत नाही. चूक माझीच. जागा चुकली, पुराची वाळू उचलली मी." मी आतल्या खोलीत लेबलं चिकटवत होतो.

तुम्ही छापायला पाठवलेला लेख मागे घेतलात. दुसरा पाइप पाठवलाच नाहीत. त्याच जागेची वाळू, ती वेगळं काय सांगणार, म्हणालात. पुन्हा कधी डोंगरात गेला नाहीत. अंगणातल्या खुर्चीत बसून देवळालीच्या लष्करी सरावातल्या तोफांचे आवाज मोजायचात. मला मात्र बोलावत राहिलात. लिहायला काही नसलं की रस्त्यावरच्या बंद दिव्याबद्दल नगरसेवकाला पत्र! तेही मी सुवाच्य अक्षरात लिहायचो.

तुम्ही माझ्यावर एकदा तरी संशय का घेतला नाहीत? मी नीट काम करतो, असं तुमच्याशिवाय कुणी म्हटलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला खोटं ठरू दिलं.

आज तुमच्या वहीत पहिल्या पाइपच्या नोंदीपुढे लिहिलं आहे, "गच्चीवर उन्हात वाळवला. दत्तात्रय." उद्या हे पत्र काकूंना वाचून दाखवीन. त्या काय म्हणतील, ठाऊक नाही. मग पाइप घेऊन स्वतः प्रयोगशाळेत जाईन. आधी कबुली देईन, मग पाइप. तुमचं म्हणणं खरं निघेल, कदाचित निघणारही नाही. दोन्ही प्रकारे तुम्ही खुर्चीत नसाल.

पाइप माझ्यासमोर टेबलावर आहे. आत ओल धरली नाही ना, टोक सुटलं नाही ना, हे बघायला हात सारखा शिवणीकडे जातो आहे. पण सर, तुम्हाला वचन देतो, मी तो उघडणार नाही.

तुमचा,
दत्तात्रय