बंद कडांची चौकट

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१४ मे २००७

प्रिय नीलेशदादा,

नमस्कार. मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. आई बरी आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेलेलं माणूस जितकं बरं असतं तितकी. शेजारच्या रीमाबेन रोज विचारतात, "नीलेशभाई का फोन आया?" मी हो म्हणून टाकते.

तुझा पेपर वाचला. विश्वातल्या अदृश्य पदार्थाच्या, म्हणजे डार्क मॅटरच्या, अतिशय हलक्या कणांचे गोळे स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेले राहतात की विस्कटतात, हे छान मांडलंयस. छान वाटणारच, अर्धी मांडणी माझी आहे.

कॉम्प्युटरवर तुझा गोळा कितीही हलवला तरी टिकत होता, आणि तू पेढे वाटायच्या बेतात होतास. तेव्हा मीच कळवलं ना, की गणिताच्या चौकटीच्या कडा तू बंद ठेवल्यायस? गोळ्यातून निसटलेलं बाहेर जातच नव्हतं, कडेवर आपटून परत आत येत होतं. टिकणार नाही तर काय करेल बिचारा! कडेला लाटा शोषणारा पट्टा घालून प्रोग्राम मी दुरुस्त केला, आईचं पथ्यपाणी आणि क्लासची मुलं सांभाळून. मग बरेच गोळे विस्कटले. काही थोडं वस्तुमान सांडून, लहान होऊन स्थिरावले. तोच तुझा निष्कर्ष.

पेपरवर नाव तुझ्या एकट्याचं. शेवटी आभार "घरच्यांचे". फोनवर म्हणालास, "अगं, तुला संस्था कुठंय? पत्ता काय टाकू, जेसल पार्क?" हो, तोच टाकायचा होता. पीएच.डी. मी हौसेने सोडली नव्हती. "थोडे दिवस तू बघ, मग मी येतो," हे तुझेच शब्द. मला तुझा राग येतो, दादा. खूप येतो.

पुण्याला एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत झाली. तुझाच पेपर पुढे ठेवून त्यांनी विचारलं, यात तुमचं काय? मी फळ्यावर सगळं करून दाखवलं. एक सर म्हणाले, "मग तुमचं नाव का नाही?" म्हटलं, घरातलं काम होतं.

त्यांनी मला घेतलंय. जुलैत रुजू व्हायचंय. आईला एकटं ठेवता येत नाही, हे तुला माहीत आहे. तिला सांगितलंय, नीलेश येतोय. ते खरं की खोटं, तू ठरव. फार खुशीत आहे ती. कालपासून तुझे जुने शर्ट कपाटातून काढून घड्या घालत बसलीय, एका हाताने.

उत्तर मला नको, तिला दे.

निशिगंधा