तिन्हीसांजेचा दिवा

एरंडोल, बुधवार

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची नलू, मागोमाग तिची जाऊ. धुळ्याहून आलेल्या नातीच्या, छायाच्या कॉम्प्युटरवर मी तो जुना गेम पुन्हा खेळतेय, हे गल्लीभर झालंय. मागच्या सुट्टीत रागाने सोडला होता. गेममधल्या गावात कुठेही हिंडता येतं, म्हणून तेव्हा एका घरात शिरले. तिन्हीसांज झालेली, घरात अंधार, म्हणून तिथला दिवा लावायला उचलला, तर शिपायाने चोर म्हणून कोंडलं. छाया म्हणाली, "आजी, अजून एकदा बघ ना." बघितलं, आणि काय मजा वाटली. डोंगर, नदी, बसायला घोडासुद्धा. पण आज पुन्हा तेच घर, पुन्हा अंधार, आणि माझा हात पुन्हा दिव्यावर. नलू हसून हसून लोळली. "अक्का, तू ते चोरच शेस वं."

आता मी कोठडीत. दिवा लावणं म्हणजे चोरी कशी? छाया म्हणते, गेममधल्या बाजारातून आपला दिवा विकत घेऊन जायचा. पण आधी सुटू कशी? जीव नुसता तळमळतोय. सोमवारी छाया कॉम्प्युटर जीपमध्ये घालून परत जाणार, आणि ते घर अंधारातच राहील.

दोघी जावा रविवारी दिवा बघायला येतो म्हणाल्यात.