आतून आलेलं उत्तर

गुरुवार, ६ ऑक्टोबर १९८३

इथं आखातात मी कामाला असलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये आज जर्मन कंपनीच्या लोकांसाठी सिनेमा. प्रोजेक्टर माझ्याकडे. त्यांच्याकडचं जुन्या काळातलं एक खेडं. चिखल, थंडी, सडके बटाटे. एक गडी पिठाच्या पोत्यासाठी गिरणीवाल्याला ठार मारतो. गावाला ठाऊक असतं, पण तो गावचा! फाशी जातो एक फिरस्ता कल्हईवाला.

भाषा एक अक्षर कळली नाही. सगळं कळलं. जर्मनांनीही एवढी भूक पाहिली असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

घरी आलो तर रेमंड स्वयंपाकघरात चटईवर, भिंतीकडे तोंड करून.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

एकदा लिहून टाकतो. रेमंड माझ्या बायकोचा, नॅन्सीचा, धाकटा भाऊ. काम सुटलं, वसईला घरी कळवलं नाही. बांधकामाच्या साइटवरची तांब्याची तार चोरायला गेला. वॉचमन वलीनं धरलं. यानं सळई मारली आणि पळून आमच्याकडे येऊन लपला. वली हॉस्पिटलात, अजून शुद्ध नाही. आणि पोलिसांनी नेलं ताहिरला! आदल्या दिवशी त्याचं वलीशी भांडण झालं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. ताहिर आमच्या खालच्या मजल्यावरचा, रत्नागिरीचा. सणाला एकमेकांकडे ताटं जातात.

मी म्हटलं, "रेमंड, पोलिसात जा."

नॅन्सी मध्ये पडली. "तुमचा भाऊ असता तर पाठवला असता?"

"भावोजी, वली उठेल. इंशाल्ला," रेमंड म्हणाला.

मी घरातल्या वेदीसमोर जाऊन बसलो. प्रार्थना सुचली नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

वली तसाच.

रविवार, ९ ऑक्टोबर

उद्या मरियामातेची मूर्ती आमच्याकडे. ऑक्टोबरभर आमच्या या झिंज वस्तीतल्या आपल्या ख्रिस्ती लोकांत घरोघर फिरते. नको कसं म्हणणार? वरच्या मजल्यावरची लुर्डस जिन्यात म्हणाली, "नॅन्सी, यंदा वडे फुगू देत गं! गेल्या वर्षी मरियामाता उपाशी गेली." सगळे हसले. नॅन्सीही हसली. कशी हसली कोण जाणे.

सोमवार, १० ऑक्टोबर

झालं ते असं.

पुरुष बहुतेक शिफ्टला. खोलीत बायकाच. ताहिरची बायको हुस्नाही आली, डोक्यावर पदर घेऊन दारापाशी बसली. "आमच्या माणसासाठीपण मागा," म्हणाली.

रोझरी संपली. मी लितानी सुरू केली; मी मरियामातेचं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचं. गावाकडे आमच्या वाडीत बायका आत गुडघे टेकतात, पुरुष बाहेर ओट्यावर बसून उत्तर देतात — मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून. रेमंड त्याच ओट्यावर वाढलेला. स्वयंपाकघराच्या बंद दारामागून आवाज आला — "आम्हांसाठी विनंती करऽऽ!"

एकदा नव्हे. तीनदा. मग त्याचं त्यालाच कळलं असावं. गप्प झाला.

सगळ्यांनी ऐकलं. एकीनंही मान वळवली नाही. फक्त हुस्नानं विचारलं, "आत कोण आहे?"

"टेप आहे," मी म्हणालो. "गावाकडची."

मूर्तीसमोर. हातात जपमाळ.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

कोणी काही बोललं नाही. लुर्डसनं जेवणाचा डबा पाठवला. तिघांचा! घरात आम्ही दोघंच, हे तिला माहीत आहे.

त्या सिनेमातही पोत्यातलं पीठ घरोघर गेलं होतं. भाकरी मोडताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी जेवलो.

बुधवार, १२ ऑक्टोबर

वली गेला. ताहिरवर आता खुनाचा आळ. देवा, तू तरी बोल.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

सकाळी दार वाजलं. हुस्ना. डोळे सुजलेले, तरी आधी नॅन्सीची चौकशी केली. मग म्हणाली, "लान्सीभाई, ती टेप द्याल का? ताहिर सुटेपर्यंत. तो माणूस किती कळवळून मागत होता! माझी दुआ तशी निघतच नाही."

तिला आत बसवलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं. म्हणालो, "रेमंड, ऊठ."

त्याच्या चपला नॅन्सीनं आणून ठेवल्या.